एसएक्सटीच्या डेटात नवताऱ्याचा वर्णपट बसत नाहीये: व्ही३८९० सॅजिटेरी, २०१९

कालिना_एमएस्सी

नमस्कार मंडळी. शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी व्ही३८९० सॅजिटेरी या पुनरावर्ती (पुन्हा पुन्हा भडकणाऱ्या) नवताऱ्याचा ऑगस्ट २०१९ चा उद्रेक घेतलाय. अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या एसएक्सटी या मृदू क्ष-किरण दुर्बिणीने केलेल्या पहिल्या फेरीची (उद्रेकानंतर ८.१ ते ९.९ दिवस) लेव्हल-२ (प्राथमिक प्रक्रिया झालेली) डेटा इस्रोच्या आयएसएसडीसी या संग्रहातून उतरवली. सगळ्या कक्षांच्या फाइल्स मर्ज केल्या, १६ कलामिनिटं त्रिज्येचं वर्तुळ घेतलं, ०.३ ते ७ केईव्ही (ऊर्जेचं एकक, १ केईव्ही = १,००० ईव्ही) पट्ट्याचा एकच वर्णपट काढला आणि एक्सस्पेक या वर्णपट बसवणाऱ्या प्रोग्राममध्ये एक शोषण, एक कृष्णिका (आदर्श तप्त वस्तूचं उत्सर्जन) आणि एक एपेक (तप्त, विरळ वायूचं उत्सर्जन) असं प्रारूप लावलं.

अडचणी तीन आहेत. एक, कृष्णिकेचं तापमान खाली घसरत जातं आणि शोषणाची स्तंभघनता (वाटेत किती वायू आहे याचं माप) वर चढत जाते. शेवटी तेजस्विता एडिंग्टन मर्यादेच्या (ज्यापुढे प्रकाशाचा दाब गुरुत्वावर मात करतो) शंभर पटींहून जास्त येते, जी खरी असणं शक्य नाही. दोन, १.८ ते २.३ केईव्हीच्या दरम्यान अवशेषांत (डेटा वजा प्रारूप) एक वर-खाली लाट दिसते, ती कुठल्याच घटकाने जात नाही. तीन, प्रकाशवक्रात काउंट (मोजले गेलेले फोटॉन) अचानक वाढतात-पडतात. ते खरं आहे की उपग्रहाच्या कक्षेचा परिणाम, हे कसं ओळखायचं?

मार्गदर्शक सध्या बाहेरगावी आहेत, म्हणून इथे विचारतेय. प्रारूप बदलावं का?

कुलाबा_क्षकिरण

प्रारूप नंतर बदला, आधी वेळ कापा. तुम्ही दोन वेगवेगळ्या गोष्टींची सरासरी काढून तिला एकाच प्रारूपात बसवायला बघताय.

या ताऱ्यातून क्ष-किरण दोन ठिकाणांहून येतात. या जोडीतल्या श्वेत बटूचा (जुन्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) जोडीदार तांबडा राक्षसी तारा आहे आणि त्याच्या संथ, दाट वाऱ्यात सगळी जोडी बुडालेली आहे. स्फोटात उधळलेलं द्रव्य त्या वाऱ्यावर आदळतं, आघाततरंग तयार होतो आणि वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो. हा झाला कठीण (जास्त ऊर्जेचा) घटक. दुसरा घटक म्हणजे श्वेत बटूच्या पृष्ठभागावर स्फोटानंतरही जळत राहिलेला हायड्रोजन. त्याचं तापमान साधारण ३० ते १०० ईव्हीच्या घरात, त्यामुळे त्याचं जवळजवळ सगळं उत्सर्जन १ केईव्हीच्या खाली. यालाच अतिमृदू स्रोत म्हणतात. तो पहिल्या दिवसापासून जळतच असतो, पण वरचं उधळलेलं द्रव्य पसरून पुरेसं विरळ होईपर्यंत आपल्याला दिसत नाही.

तुमच्या फेरीचं महत्त्व हेच आहे की हा पडदा नेमका त्या दोन दिवसांत उघडला. याच निरीक्षणांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सुरुवातीला फक्त स्थिर, कठीण वर्णपट आहे; ८.५७ व्या दिवशी मृदू घटकाची पहिली क्षीण चाहूल लागते. मग तो काही तासांच्या अंतराने खूप चढउतार करतो आणि ८.९ नंतर जास्त तेजस्वी आणि बराच स्थिर होतो. तेव्हा किमान तीन तुकडे करा: ८.५७ च्या आधीचा, ८.५७ ते ८.९, आणि ८.९ नंतरचा.

अ‍ॅस्ट्रोसॅटची वेळ १ जानेवारी २०१० पासूनच्या सेकंदांत असते, म्हणजे एमजेडी (खगोलशास्त्रातली सलग दिवसांची गणना) ५५१९७ मध्ये सेकंद भागिले ८६,४०० मिळवायचे. शोधाची वेळ २७.८७ ऑगस्ट ही शून्य धरली तर ती एमजेडी ५८७२२.८७, आणि ८.५७ वा दिवस म्हणजे एमजेडी ५८७३१.४४. त्याचे सेकंद सुमारे ३०,५३,७५,६०० होतात. एक्ससिलेक्ट या डेटा निवडण्याच्या साधनात वेळेचा फिल्टर देताना हा आकडा हाताने पडताळा. शून्य दिवस कुठला धरला हे अहवालात आधीच लिहा. अर्ध्या दिवसाचा फरकही इथे सगळे तुकडे चुकवतो.

मग फिटचा क्रम. पहिला तुकडा घ्या, फक्त १ ते ७ केईव्ही, आणि त्यावर शोषणासकट दोन एपेक लावा. दोघांची मूलद्रव्य-प्रमाणं एकमेकांना बांधून ठेवा. एका तापमानाचा एपेक क्वचितच पुरतो, कारण आघाततरंग सगळीकडे सारख्या वेगाने जात नाही. येणारं तापमान भौतिकदृष्ट्या पटतं का ते केटी (ऊर्जेच्या एककात तापमान) = (३/१६) × μ × प्रोटॉनचं वस्तुमान × वेगाचा वर्ग या सूत्राने बघा. μ (कणाचं सरासरी वस्तुमान, प्रोटॉनच्या पटीत) ०.६ धरला तर सेकंदाला १,००० किमी वेगाला सुमारे १.२ केईव्ही येतात, ३,००० किमीला सुमारे १०.६. आघाताचा घटक असा पक्का झाला की तो गोठवून तिसऱ्या तुकड्यावर न्या, १ केईव्हीच्या वर तो अजून बसतोय ना ते पाहा, नसेल तर फक्त त्याचं नॉर्मलायझेशन (एकूण प्रमाण) मोकळं करा. त्यानंतरच खाली उतरून मृदू घटक जोडा. मधला तुकडा सगळ्यात शेवटी.

आता तेजस्वितेचं. मॉरिसन-मॅकॅमन यांच्या १९८३ च्या सूत्राने काढलं तर ५×१०^२१ प्रति चौ. सेंमी स्तंभघनतेतून २ केईव्हीचे ८० टक्क्यांहून जास्त फोटॉन पार होतात, १ केईव्हीचे सुमारे ३० टक्के आणि ०.५ केईव्हीचे जेमतेम अडीच टक्के. ०.३ केईव्हीला तर काहीच उरत नाही. स्तंभघनता फक्त २० टक्क्यांनी वाढवून ६×१०^२१ केली की ०.५ केईव्हीचा प्रकाश निम्म्याहून कमी होतो. फिट करणारा प्रोग्राम हेच करतो: थोडं शोषण वाढवतो, तापमान थोडं उतरवतो, आणि मध्ये अडलेला प्रकाश भरून काढायला मूळ तेजस्विता कित्येक पट फुगवतो. काय-वर्ग (फिट किती जुळतं याचं माप) मात्र जवळपास तोच राहतो. म्हणून शोषण मोकळं सोडू नका. एचआय४पीआय सर्वेक्षणातून आकाशगंगेच्या हायड्रोजनचा आकडा घ्या आणि तो गोठवा. वाऱ्याचं शोषण वेगळा घटक म्हणून जोडा आणि त्याचा आकडा कठीण घटकाच्या फिटमधून येऊ द्या. टीबॅब्स हे शोषणाचं प्रारूप वापरत असाल तर विल्म्सचीच मूलद्रव्य-प्रमाणं निवडा. जुन्या आणि नव्या प्रमाणांनी आलेल्या स्तंभघनता एकमेकींशी थेट ताडता येत नाहीत.

पडताळणीसाठी: शुद्ध हायड्रोजन धरला तर १.४ सौर वस्तुमानाच्या श्वेत बटूची एडिंग्टन तेजस्विता सुमारे १.८×१०^३८ अर्ग प्रति सेकंद. आणि अंतर दुप्पट धरलं की तेजस्विता चौपट होते. या ताऱ्याच्या अंतरात अनिश्चितता मोठी आहे, ती त्रुटीच्या पट्ट्यात (एरर) धरा.

पिक्सेल६००

वरच्या उत्तरात वर्णपटाचं सगळं आलंय, मी उपकरणाकडून लिहितो.

तुमची १.८ ते २.३ ची लाट बहुतेक ताऱ्याची नाहीच. एसएक्सटीचे आरसे सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांचे आहेत आणि मागे सिलिकॉनचा सीसीडी (फोटॉन टिपणारी चिप) आहे. सिलिकॉनची शोषण-कडा (जिथे शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा) १.८४ केईव्हीला, सोन्याची एम-कडा २.२ च्या आसपास. ऊर्जामापन दहा-वीस ईव्हीने जरी सरकलेलं असलं तरी प्रतिसाद-फाइलमधली कडा आणि डेटातली कडा जुळत नाहीत आणि नेमकी अशीच वर-खाली लाट उमटते. उपाय ठरलेला आहे: एक्सस्पेकमध्ये गेन फिट (ऊर्जामापनाची दुरुस्ती) लावा, उतार १ वर गोठवा, फक्त ऑफसेट मोकळा सोडा. तो ०.०२ ते ०.०३ केईव्हीच्या आसपास यायला हवा. ०.१ वगैरे आला तर गेन प्रारूपाची चूक लपवतोय असं समजा आणि थांबा. शिवाय २ ते ३ टक्के सिस्टिमॅटिक एरर द्या.

इथे एक खरा धोका आहे. हेलियमसदृश (दोनच इलेक्ट्रॉन उरलेल्या) सिलिकॉनची रेषा १.८६ केईव्हीला येते आणि आघाताने तापलेल्या वायूत ती असणारच. म्हणजे ताऱ्याचं सिलिकॉन आणि सीसीडीचं सिलिकॉन यांच्यात जेमतेम वीसेक ईव्हीचं अंतर आहे, आणि एसएक्सटीची विभेदनक्षमता त्या पट्ट्यात ८० ते १५० ईव्ही. गेन नीट न बसवता 'सिलिकॉन सौरप्रमाणापेक्षा तिप्पट' असा निष्कर्ष काढला तर परीक्षक तिथेच पकडतील. मॅग्नेशियम (१.३५ आणि १.४७) आणि गंधक (२.४५ च्या आसपास) यांच्याशी सिलिकॉन सुसंगत येतं का ते बघा.

बॅकग्राउंड कुठून घेतलात ते तुम्ही लिहिलं नाही. त्याच चौकटीत बाजूला वर्तुळ काढून घेतला असेल तर तो टाकून द्या. एसएक्सटीची प्रतिमा इतकी पसरट आहे की ४० कलामिनिटांच्या चौकटीत ताऱ्याच्या प्रकाशापासून मुक्त असा कोपरा उरत नाही. आणि चारही कोपऱ्यांत कॅलिब्रेशनसाठी लोह-५५ चे स्रोत आहेत, त्यांची ५.९ केईव्हीची रेषा तुमच्या बॅकग्राउंडमध्ये शिरून कठीण पट्टा खाऊन टाकेल. टीआयएफआरच्या एसएक्सटी केंद्राने दिलेला रिकाम्या आकाशाचा बॅकग्राउंड वर्णपटच वापरा. एआरएफ (दुर्बिणीचं प्रभावी क्षेत्रफळ सांगणारी फाइल) मात्र तुमच्या वर्तुळासाठी, तारा चौकटीत जिथे आहे तिथला, नव्याने काढा. तारा मध्यापासून सरकलेला असेल आणि १६ कलामिनिटांचं वर्तुळ कडेबाहेर जात असेल, तर त्रिज्या कमी करून त्याच त्रिज्येचा एआरएफ घ्या.

०.५ केईव्हीच्या खालचं कॅलिब्रेशन तुलनेने डळमळीत असतं. मृदू घटक एकदा ०.३ पासून आणि एकदा ०.५ पासून फिट करा. दोन्हींत तापमान त्रुटीच्या पट्ट्याबाहेर हलत असेल तर दोन्ही आकडे छापा.

प्रकाशवक्राबद्दल: उपग्रह सुमारे ६५० किमी उंचीवर आहे, पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा दीड तासापेक्षा थोडी जास्त. प्रत्येक प्रदक्षिणेत पृथ्वी आड येते, काही प्रदक्षिणांत दक्षिण अटलांटिक विसंगतीतून (जिथे विद्युतभारित कणांचा मारा जास्त असतो) जाताना उपकरणं गप्प असतात. त्यामुळे तुमचा प्रकाशवक्र तुकड्यातुकड्यांचा असणारच. बिन (वेळेचा तुकडा) निवडताना फ्रेमचा कालावधी २.३७७५ सेकंद आहे हे विसरू नका. बिन त्याच्या पूर्ण पटीत नसेल तर काही बिनमध्ये एक फ्रेम जास्त पडते आणि खोटी लय दिसते. आणि मर्ज करताना खात्री करा की लागोपाठच्या कक्षांच्या फाइल्समधला सामायिक भाग दोनदा मोजला गेलेला नाही. फाइल्स नुसत्या जोडल्या तर हीच चूक होते, मर्जरचं साधन त्याचसाठी आहे.

खरं-खोटं ओळखायची सोपी कसोटी: ०.३–१ आणि २–७ केईव्ही असे दोन प्रकाशवक्र एकाखाली एक ठेवा. कक्षेचा, बॅकग्राउंडचा किंवा उपग्रह किंचित हलल्याचा परिणाम असेल तर दोन्हींत एकाच वेळी खूण दिसेल. फक्त मृदू पट्टा हलत असेल आणि कठीण शांत असेल तर ते ताऱ्याचं आहे.

कालिना_एमएस्सी

खूप आभार दोघांचे. बॅकग्राउंड खरंच शेजारच्या वर्तुळातून घेतला होता. तो बदलला, तीन तुकडे केले, गेन लावला: ऑफसेट ०.०२६ आला, लाट गेली. पहिला तुकडा दोन एपेकने व्यवस्थित बसला. दोन पट्ट्यांत कठीण स्थिर आहे, मृदूच हलतोय.

पण आता पुढचा प्रश्न. ८.५७ ते ८.९ मधला चढउतार कशामुळे, हे या डेटातून सांगता येईल का? श्वेत बटूचं तापमान बदलतंय की समोरून ढग सरकतायत? आणि कृष्णिकेऐवजी काय वापरू?

कुलाबा_क्षकिरण

पूर्ण निकाल लावता येणार नाही, पण शक्यता कमी करता येतात. मृदू पट्ट्याचे आणखी दोन भाग करा, ०.३–०.६ आणि ०.६–१, आणि त्यांचं गुणोत्तर एकूण मृदू काउंटसमोर मांडा. बिन इतका मोठा घ्या की दोन्ही भागांत प्रत्येकी किमान तीसेक काउंट पडतील, नाहीतर गुणोत्तर नुसतं नाचत राहील.

काउंट पडताना ०.३–०.६ जास्त पडत असेल तर समोर उदासीन किंवा अर्धवट आयनित वायू वाढलाय, कारण शोषण कमी ऊर्जेला जास्त खातं. दोन्ही सारखेच पडत असतील तर इतका दाट ढग आडवा आलाय की तो सगळंच अडवतो आणि उरलेला भाग मोकळा दिसतो. याला आंशिक आवरण प्रारूप लावतात. ०.६–१ जास्त पडत असेल तर तापमान उतरलं असण्याची शक्यता. पण वर लिहिल्याप्रमाणे शोषण आणि तापमान एकमेकांची नक्कल करतात, त्यामुळे एका बिंदूवरून बोलू नका, संपूर्ण कल बघा. दुसऱ्या फेरीत (१५.९ ते १९.६ दिवस) हे आणखी स्पष्ट दिसतं: १६.८ ते १७.८ या काळात मृदू घटक बराच मंदावला आणि पुन्हा उजळला, आघाताचा घटक मात्र जागचा हलला नाही. तिथे काउंट भरपूर आहेत. तुमची पद्धत आधी त्या फेरीवर तपासा, मग पहिल्या फेरीच्या अपुऱ्या काउंटवर लावा.

कृष्णिकेऐवजी श्वेत बटूच्या वातावरणाची नॉन-एलटीई (स्थानिक उष्मासमतोल न धरणारी) प्रारूपं घ्या. ट्यूबिंगेनच्या तक्त्यांची फाइल एक्सस्पेकमध्ये टेबल-प्रारूप म्हणून लावता येते. खऱ्या वातावरणात ऑक्सिजनच्या कडा असतात, ०.७४ आणि ०.८७ केईव्हीला, आणि तिथे प्रकाश एकदम कापला जातो. कृष्णिकेला ही कात्री माहीत नाही, म्हणून ती वरची बाजू कमी करायला तापमान उतरवते आणि तुमची तेजस्विता फुगते. वातावरण-प्रारूपाने तेजस्विता बहुधा एडिंग्टनच्या आसपास येईल. तरीही तक्त्यातली मूलद्रव्य-प्रमाणं ठरावीक असतात, वातावरण स्थिर धरलेलं असतं, प्रत्यक्षात ते बाहेर वाहत असतं. तापमानाचा आकडा देताना प्रारूपाचं नाव त्याच वाक्यात द्या. रेषांचा खरा आकार हवा असेल तर सीसीडी पुरणार नाही. एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीच्या ग्रेटिंगची (बारीक वर्णपट देणाऱ्या उपकरणाची) निरीक्षणं त्याच उद्रेकाची आहेत, ती शेजारी ठेवा.

वांगणीचा_निरीक्षक

विश्लेषणातलं मला फारसं कळत नाही, पण डोळ्यांनी दिसणाऱ्या बाजूचं विचारतो. आमच्यासारखे हौशी लोक वांगणीला वगैरे जाऊन तेजोप्रत नोंदवतात. क्ष-किरणवाल्यांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो का? आणि उद्रेक दिसल्यावर दुर्बीण वळवतात, मग उद्रेकाआधीचं काहीच मिळत नाही का?

पिक्सेल६००

काका, उपयोग थेट आहे. सीसीडी दृश्य प्रकाशही पकडतो. समोर गाळणी असली तरी तारा फार तेजस्वी असेल तर फ्रेममध्ये दृश्य फोटॉनांचा साठा होतो आणि तो खोट्या मृदू क्ष-किरणासारखा दिसतो. टी कोरोना बोरिअलिस हा दुसरा पुनरावर्ती नवतारा १८६६ आणि १९४६ मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीच्या आसपास पोचला होता. तसा उद्रेक पाहताना पहिले काही दिवस मृदू पट्ट्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्या रात्रीच्या तेजोप्रतीवरूनच ठरतं. एएव्हीएसओ या चलताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संस्थेकडे नोंद देताना वेळ यूटीमध्ये (जागतिक वेळेत), दशांश दिवसात द्या आणि कोणता तुलनातारा वापरला ते लिहा. 'दिसला नाही' ही नोंदही पाठवा: अमुक वेळी अमुक प्रतीपर्यंत दिसत नव्हता, यावरून शून्य दिवस बांधला जातो. ऑगस्टमध्ये मुंबई परिसरात ढगांमुळे ते अवघड आहे, म्हणून पावसाळ्यातली एखादी मोकळी अर्धी रात्रही मोलाची.

व्ही३८९० सॅजिटेरी जवळजवळ क्रांतिवृत्तावरच (सूर्याच्या आकाशातल्या वाटेवर) आहे. स्विफ्टसारख्या क्ष-किरण दुर्बिणी सूर्यापासून ४५-४६ अंशांच्या आत बघत नाहीत, त्यामुळे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो त्यांना बंद असतो. टी कोरोना क्रांतिवृत्तापासून ४५ अंश उत्तरेला आहे, तिथे ही अडचण जवळपास नाही.

उद्रेकाआधीचं मिळालंय, एकदा. वायझेड रेटिक्युली हा नवतारा, ७ जुलै २०२०. ईरोसिटा ही क्ष-किरण दुर्बीण आकाशाची पाहणी करत असताना त्याच जागेवरून दर ४ तासांनी जात होती. एका फेरीत प्रचंड तेजस्वी, अतिमृदू झळक दिसली; ४ तास आधी आणि ४ तास नंतर काहीच नव्हतं. तापमान सुमारे ३,२७,००० केल्विन, म्हणजे २८ ईव्ही. तारा दृश्य प्रकाशात उजळला तो त्यानंतर सुमारे ११ तासांनी. आण्विक ज्वलन भडकल्यावर आणि द्रव्य उधळून पडदा पडण्याआधी ही झळक येणार, असं भाकीत आधीपासून होतं. ती मिळाली कारण दुर्बीण तिथे आधीच बघत होती. जानेवारी २०२४ मध्ये गेलेल्या आइन्स्टाइन प्रोब या क्ष-किरण उपग्रहाचं क्षेत्र सुमारे ३,६०० चौ. अंशांचं आहे, त्यामुळे अशा झळका आता योगायोगावर कमी अवलंबून राहतील.

कालिना_एमएस्सी

स्विफ्टचा डेटाही जोडावा म्हणते, कारण दोन फेऱ्यांच्या मधले दिवस एसएक्सटीकडे नाहीत. काही वेगळी काळजी?

पिक्सेल६००

पाइल-अप. स्विफ्टच्या एक्सआरटीची (तिच्यावरच्या क्ष-किरण दुर्बिणीची) प्रतिमा अणकुचीदार आहे, त्यामुळे पीसी मोडमध्ये (पूर्ण प्रतिमा देणाऱ्या) सेकंदाला ०.५ काउंटच्या वर गेलात की एकाच फ्रेममध्ये एकाच जागी दोन फोटॉन पडायला लागतात. ०.४ केईव्हीचे दोन फोटॉन ०.८ चा एक म्हणून मोजले जातात आणि अतिमृदू स्रोताला खोटी गरम शेपटी येते. मधला गाभा वगळून कडं वापरा, किती वगळायचं ते प्रतिमेचा कडेचा उतार प्रमाण पीएसएफशी (बिंदूवत ताऱ्याची प्रतिमा कशी पसरते त्याच्याशी) जुळवून ठरवा, आणि फक्त ग्रेड ० च्या (एकाच पिक्सेलवर नोंदल्या गेलेल्या) घटना घ्या. मृदू घटक उजळल्यावर डब्ल्यूटी मोडचा (जास्त जलद वाचनाचा) डेटा असेल तर तोच घ्या. एसएक्सटीची प्रतिमा पसरट असल्याने तिथे ही अडचण बरीच कमी आहे.

दोन्ही दुर्बिणींचे काउंट एकाच आलेखावर थेट मांडू नका. दोन्हींकडून त्याच पट्ट्यातला फ्लक्स काढा, आणि एकत्र फिट करताना मध्ये एक स्थिरांक मोकळा ठेवा. तो १ पासून २० टक्क्यांहून जास्त सरकला तर आधी वेळा जुळतायत का ते बघा. हा तारा काही तासांत बदलतो, आणि स्विफ्टचं एक दर्शन हजारेक सेकंदांचंच असतं.